दाढीचा आरसा

उमरीच्या फाट्यावर माझं गॅरेज, म्हणजे
चार बल्ल्या, वर टिनं, कडुनिंबाला लटकलेलं टायर.
समोर रस्ता. पलीकडं जिल्हा परिषदेची शाळा.

मार्चच्या उन्हात नगराळे मॅडम रस्ता ओलांडून आल्या.
"कवडूभाऊ, एखादा फुटका हेडलाइट हाये का?
काच नसली तरी चालते. आतली वाटी पाहिजे."

वाटी. मी रिफ्लेक्टर म्हणतो.
अठरा वर्षं झाली, संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावायची,
बल्ब जरा आत, जरा बाहेर.
सुताएवढा सरकला तरी उजेड फाटतो,
अर्धा झाडावर, अर्धा नालीत.
नेमका बसला की सरळ जातो
पार जिनिंगच्या फाटकापर्यंत.
त्या जागेला नाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी कापसाची वात वळली,
माझ्या ग्रीसच्या बोटांनी ती काळी झाली.
बल्बच्या भोकातून आत घातली, वाटी सूर्याकडं केली.
मोजून चार श्वास.
धूर.
पोरं ओरडली. मी गप्प.
ज्या वाटेनं उजेड रोज माझ्या हातून बाहेर जायचा
त्याच वाटेनं तो आज घरी आला होता.
"ही नाभी," मॅडम म्हणाल्या,
आणि पोरं आपापल्या पोटावर बोट ठेवून हसली.

पण चित्र धरायला वाटी चालेना, तिचं पोट फार खोल.
मग गुलाब वाटकरच्या दुकानातून दाढीचा आरसा आणला.
जवळ गेलो तर गालावरचे खुंट तुराट्यांएवढे.
मागं सरलो, चेहरा फुगला, पातळ झाला,
एका ठिकाणी तर मी उरलोच नाही,
काठोकाठ नुसता सावळा रंग.
आणखी मागं, दारापाशी, मी डोक्यावर उभा.
"उधारीवाले मी तिथंच उभे करतो," गुलाब म्हणाला.

वर्गाचं दार लावलं, खिडक्यांना पोती टांगली.
एकच खिडकी उघडी, रस्त्याकडची.
आरसा मी धरायचा, कारण माझा हात हलत नाही
असं मॅडमना वाटलं.
यमुना सिडाम, इयत्ता आठवी, कोरा कागद घेऊन
मागं, पुढं, थोडी मागं.
आणि कागदावर गॅरेज उतरलं.
बोटभर, रंगीत.
वर रस्ता, खाली आभाळ,
टायर झाडातून वर पडायला निघालेलं.

तेवढ्यात त्यात शशिकला आली.
पेराएवढी. पाय वर, डोकं खाली, हातात डबा.
आत डोकावली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
मग बाहेरच्या दगडावर बसली,
चप्पल काढली
आणि डावी टाच दोन्ही हातांत धरून दाबत राहिली.
दाबतच राहिली.
लग्नाला सोळा वर्षं झाली.
कोणी पाहत नसतानाची ती
मी कधी पाहिली नव्हती.

"काकू उलटी! काकू उलटी!"
यमुनानं विचारलं, "मॅडम, हे खरी का खोटी?"
मॅडम अंधारात फळ्यावर लिहीत होत्या, खडू तेवढा ऐकू येत होता.
कागदावर धरता येते ती वास्तव. ती उलटी असते.
आरशाच्या मागं मोठी, सुलटी दिसते ती आभासी.
तिथं कागद नेला तर कोराच परत येतो.

गॅरेज थरथरलं, झाड पुसलं, दगड पुसला.
"कवडूभाऊ, नीट धरा नं."

परत आलो तेव्हा ती चप्पल घालून उभी.
"कुठं गेलते? भाजी थंडी झाली."
मी काही बोललो नाही. डबा उघडला.
ती निघाली तशी दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या
फुगीर आरशात दिसली,
सुलटी, लहान, होती त्याहून लांब.
मी आरसा सोडून मान वळवली.

"टाच दुखते का व?"

ती थांबली.
"तुमाले कोनं सांगतलं?"