संदलचा अ‍ॅडव्हान्स

पहिला गोल झाला तेव्हा आम्ही अजून बसायला जागा शोधत होतो.
दुसऱ्याबद्दल नंतर बोलू.
तिसऱ्याला बाल्या भुयार म्हणाला, टाइम आहे अजून.
पाचव्याला त्याने मोबाइल काढला
आणि बॅटरी किती उरली ते बघत बसला. एकसष्ट टक्के.
सहावा कोणीच पाहिला नाही.

कामठीच्या मैदानावरचं ऊन
आमच्या गोलपोस्टात येऊन बसलं होतं.
हाफटाइमला बाजू बदलल्या,
तर तेही बॅग उचलून आमच्यासोबत इकडे आलं.

काकपुरे सरांनी सकाळीच बजावलं होतं,
कॉलेजचं नाव आहे पोट्टेहो, तोंड सांभाळा.
सातव्या गोलला सर उभे राहिले
आणि असा एक शब्द ओरडले
जो त्यांनी तीन वर्षांत फळ्यावर कधी लिहिला नाही.

मग आठ. मग नऊ.
नऊ-शून्य.
कबड्डीत चालतो असा आकडा.

परतताना छोट्या हत्तीत आम्ही तेवीस जण,
दोन किलो गुलाल,
आणि विक्की तायडेच्या मांडीवर त्याचा फोन, उलटा.
रज्जाकभाईचा कॉल येत होता.
आठ वाजता बसस्टँडवर संदल लावायची ठरली होती,
वर्गणी काढून पाच हजार अ‍ॅडव्हान्स दिला होता.
फोन थरथरत राहिला, मांडीही.

काटोलपर्यंत शिव्या पुरल्या.
डिफेन्सला दिल्या, रेफरीला दिल्या,
कामठीच्या पोट्ट्यांच्या बुटांना दिल्या.
काटोलच्या पुढे एकट्या जितू सयामला.
“जित्यानं मॅच इकली,” मी म्हणालो.
कोणी विकत घ्यावी अशी ती मॅच नव्हती,
पण म्हणालो.

जलालखेड्याच्या अलीकडे
रस्त्याच्या कडेला एक क्रूझर वाकडी उभी.
पंक्चर. स्टेपनीही पंक्चर.
आणि टॉर्चच्या उजेडात अकरा निळे टी-शर्ट.

ढोमणेने ब्रेक मारला.
नसता मारला तर बरं, असं निदान सात जणांना वाटलं.
मी मोजले नाहीत, माझ्यापासून सुरुवात केली.

सरका बे, सरका.
पाय पोटाशी घेतले. कोणी कोणाच्या मांडीवर.
जितूला जागा मिळाली ती गुलालाच्या पोत्यावर.
हातमोजे त्याने काढले नव्हते.
पुढे वाघाड्याच्या वळणावर गाडी हलली
तेव्हा त्याने धरायला दांडा शोधला,
बोटं मिटत नव्हती,
म्हणून कोपर अडकवलं.

बराच वेळ फक्त इंजिन.
बाजूच्या बगीच्यांमधून संत्र्याचा वास येत होता,
तोही कोणी बोलून दाखवला नाही.

“सातव्याले कोन ओरडलं बे?” जितूने विचारलं.
“सर.”
“सर?”
“हाव.”
तो हसला असावा. अंधार होता.
मग कोणी न विचारता म्हणाला,
“नवव्याले मी डावीकडं गेलो होतो. बराबर गेलो होतो.”
तो माझ्या उजवीकडे होता.
तरी मी डावीकडे पाहिलं.

बसस्टँडवर लाइट, रज्जाकभाई,
गळ्यात ताशे अडकवलेली चार पोरं,
आणि तिकीट नसल्यासारखं काही गाव.
“किती?” रज्जाकभाईने लांबूनच विचारलं.
“नऊ,” बाल्या म्हणाला.
“वा! कोनाचे?”

आधी जितू उतरला.
पोतं फाटलं होतं.
मागून कमरेपासून गुडघ्यापर्यंत तो लाल,
आणि त्याला ठाऊक नाही.
रज्जाकभाईने त्याला जाताना पाहिलं,
मग आमची तोंडं पाहिली.
“अ‍ॅडव्हान्स वापस नाई भेटत बापा,” तो म्हणाला,
आणि पोरांना ताशे उतरवायला सांगितलं नाही.

वाजवलं की नाही ते गावात विचारा.
प्रत्येक जण वेगळं सांगेल.

दुसरा गोल ऑफसाइड होता.
एक हात. निदान एक हात.
लाइनमन बुटाची लेस बांधत होता, मी बघितलं.
आठ-शून्य धरा.