शेरा

सकाळी आठ.
बाप चपला बाहेर काढून आत जायचा,
तारेच्या कुंपणात, देवळात गेल्यासारखा.
नरसाळं उचलायचा,
खालची बाटली काचेच्या मापात ओतायचा
आणि डोळा पाण्याच्या रेषेशी आणून
श्वास धरायचा.
मुखरू कोतवाल, मौजा चिचटोला.
दिवसभर कुणाच्याही हाकेला धावणारा माणूस,
तेवढ्या वेळात 'ओ' द्यायचा नाही.

"चार पूर्णांक दोन," तो म्हणायचा, मी लिहायची.
चार पूर्णांक दोन तालुक्याला जायचं,
तिथून नागपूरला, तिथून पुण्याला,
आणि पुढे म्हणे सगळ्या जगाच्या सरासरीत.
मला वाटायचं, तिथे कुणीतरी बसलं असेल
सात समुद्र एका मापात ओतत,
श्वास धरून.

शेवटचा रकाना 'शेरा'.
सरकारला तो कोरा हवा असतो.
बाप कोरा ठेवायचा नाही.
"मोह पडला, होळीच्या आधीच. अस्वलाले खबर नाई."
"नवतप्यात गारा."
"मृगाचे लाल किडे पोट्ट्यांना सापडले नाईत. काडीपेट्या रिकाम्या."
"बोडीवर सारस दोन."
तहसीलमधून एकदा लाल शाईत आलं:
शेऱ्यात अनावश्यक मजकूर लिहू नये.
त्याने खाली लिहिलं: "वाचलं."

एका जेठात, अवकाळी सरीनंतर,
मापाच्या तळाशी करडा गाळ बसला.
बापाने बोटावर घेतला, चोळला,
उगवतीकडे पाहिलं. तिकडे तीन चिमण्या दिसतात,
रात्री त्यांच्या माथ्यावर लाल दिवे.
"राख किती मिलिमीटर, बाबा?"
"राखेले रकाना नाई, बाई."
घरात पंखा फिरत होता,
त्याच राखेवर.
आई म्हणाली, मग करा बंद.
कुणी उठलं नाही.
दुपारी पुन्हा त्रेचाळीस होतं.

मग खांब आला.
पांढरा, सोलर पाटीचा,
आपोआप मोजणारा, थेट आभाळाशी बोलणारा.
साहेबाने जुनं माप पिशवीत घातलं, सही घेतली.
बाप खांबाभोवती एक फेरी मारून आला.
"डोळे नाईत याले," एवढंच म्हणाला.
त्या हिवाळ्यात तो गेला.

यंदा भादव्यात, धान दुधात असताना,
दोन तासांत असा पाऊस पडला
की बोडीची पाळ फुटली,
मरळ मासे चुलीपर्यंत आले.
ढिवरांची सगुणाबाई
ते टोपल्याने उचलून परत पाण्यात सोडत होती,
शिव्या देत होती,
कुणाला ते कळलं नाही.

सकाळी खांबाने कळवलं: शून्य.

नरसाळ्यात कुंभारमाशीने घर केलं होतं,
मातीचं, बोटाएवढं, नीट लिंपलेलं.
तिलाही कुठेतरी कोरडी जागा हवी होती.
शून्य तालुक्याला गेलं, नागपूरला गेलं, पुण्याला गेलं.
जगाच्या सरासरीत
आम्ही त्या रात्री कोरडे झोपलो.

मी काडी घेऊन गेले.
घरात अळी हलत होती.
हात थांबला. बराच वेळ थांबला.
मग काढलंच,
कुंपणाच्या दगडावर उन्हात ठेवलं.
जगली का, माहीत नाही.

घरी येऊन पेटीतली जुनी वही काढली.
सतरा पानं उरली होती.
आकड्याचा रकाना तसाच सोडला
आणि त्याच्यासारखं, रुळाशी डोळा नेऊन,
शेवटच्या रकान्यात लिहिलं:

"अंगणातली बादली भरून वाहिली. किती वाहिली, कळलं नाई.
पाळ फुटली. मरळ चुलीजवळ.
खांबात माशीचं घर होतं, काढलं.
सारस एक.
दुसरा बांधाआड असेल.
पाहून येते, मग लिहिते."