मूळ गाव

अम्माच्या रायीचा कोपरा मी कापला
तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

रायी म्हणजे दगड. पण आमच्या घरात
या एकीलाच रायी म्हणतात,
बाकीचे सगळे धोंडे.
विडी घरकुलात, दाराशी, हंड्याच्या बाजूला,
तांबूस, मधोमध खोल गेलेली.
तीस वर्षं तिनं त्यावर कात्री पाजळली,
पत्र्याच्या मापानं टेंभुर्णीचं पान कापायला,
हजार विड्यांमागं दोनदा.
"करीमनगरची हाय," ती सांगते,
"तुझ्या नान्नाच्या आजानं डोक्यावर आणली."

मी खरंखोटं करायला गेले नव्हते.
हलकुडे सरांना तासासाठी वालुकाश्म हवा होता
आणि आमच्याकडं कुठंही खणा,
काळाच दगड लागतो,
लाव्हाचा, वाळू न पाहिलेला.

प्रयोगशाळेत चकतीवर घासत घासत
तुकडा केसाहून पातळ केला.
हेच माझं काम. दगड इतका झिजवायचा
की त्यातून उजेड जावा.

आधी नुसतं राखाडी.
मंच फिरवला की क्वार्ट्झचे कण विझतात,
काही एकदम,
काही अंगावरून लाट गेल्यासारखे.
लाटेनं विझणारे कधीतरी डोंगराखाली दाबले गेले होते.
दाब गेला. वळण राहिलं.

मग भिंगाखाली उभे धागे, आडवे धागे,
चौकड्याचं कापड!
"सर, हे कुणी विणलं?"
"मायक्रोक्लीन आहे तो," सर डोळा न काढता म्हणाले.
"इतका ताजा फेल्डस्पार म्हणजे लांबून आलेला नाही.
त्याची माती व्हायच्या आत गाडला गेला.
ग्रॅनाइटचा डोंगर शेजारीच असणार."
"कुठं आहे तो?"
"तो नाही आता. त्याचीच ही वाळू."

झिरकॉन मात्र गोल, गुळगुळीत.
हा आधी दुसऱ्याच कुठल्या दगडात राहून आलेला,
भाड्याच्या खोल्या बदलाव्यात तसा.

आणि एक कण, कितीही फिरवा, काळाच.
गारनेट. त्याच्यावर असा उजेड टाकून काही हाती लागत नाही,
त्यासाठी पट्टी काढून साध्या उजेडात पाहावं लागतं.
मला गिरणी बंद पडल्यानंतरचे नान्ना आठवले,
खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.
आम्ही तेव्हा नको तेच विचारत राहिलो.

तिसऱ्या दिवशी अम्मानंच विषय काढला.
"मग? करीमनगरचीच ना?"
"तसं नाही कळत अम्मा. खाण कळत नाही,
आणणाऱ्याचं तर काहीच नाही."
"मग एवढं कापून काय कळलं?"
"एक डोंगर होता."
"हां. तो असणारच की."

तिनं कापल्या कडेवर बोट फिरवलं,
बोटाला लागलेली वाळू लुगड्याला पुसली,
रायी उलटी फिरवून ठेवली
आणि कात्री उचलली.
"या बाजूनं धार बरी लागंल."