हवा राखून

गोळीबार चौकात, मे महिन्यात,
कूलरच्या टाकीत धकाते मिस्त्रींनी
मला पाणबुडी दाखवली.

पंधरा वर्षं नौदलात, त्यातली नऊ पाण्याखाली.
आता वाळ्याच्या ताट्या बदलायचे, पंप बांधायचे,
समुद्राचं नाव गिऱ्हाइकापुढे काढत नसत.

सरबताची बाटली. बुडाला चार भोकं,
खाली तारेनं बांधलेले नट,
टोपणातून कूलरचीच नळी,
नळीच्या तोंडावर मिस्त्रींचा अंगठा.
"भोकं उघडी हायेत. मंग पाणी काहून शिरत नाई?
हवा बसली हाये आत. जागा सोडत नाई ते."

अंगठा उचलला.
फुस्स.
बाटली खाली गेली,
कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं.

"बुडाले इंजिन लागत नाई बे.
वरचं तोंड उघडलं का झालं."

मग नळीत फुंकलं. गाल, मानेच्या शिरा,
भोकांतून पाणी हटलं, बाटली डुलत वर.
"तिथं असं तोंडानं नाई होत.
वर असतानाच हवा दाबून भरून ठेवा लागते.
ते संपली,
का मंग आपण फक्त लोखंड."

आणखी एक सांगायचे, हसत:
आचाऱ्यानं बटाट्याचं पोतं पुढून मागं नेलं
तरी कळवावं लागे,
की या टाकीतलं पाणी त्या टाकीत, इतके लिटर,
नाहीतर अख्खी बोट नाक वर करते.

पुढच्या उन्हाळ्यात गिरजाबाई मेडिकलमधून
परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर मिस्त्री दुकानात बसले.
स्क्रू निवडले, मापाप्रमाणे डब्यांत टाकले.
लोक म्हणत, मिस्त्री, पाणी टपकते,
ते मान हलवत.
मी सोळा वर्षांचा, त्यांच्याकडे बघत
अंगठा शोधत होतो,
कुणी उचलला.

किती दिवस, मोजले नाहीत.
एका संध्याकाळी, रस्ता अजून भाजत असताना,
त्यांनी कुणाच्यातरी टाकीत हात घातला,
बोटं चोळली, पांढरी पूड बघितली.
"बोअरचं पाणी हाये. क्षार पाय किती चढले.
त्याले सांग, दर हप्त्याले टाकी उपसत जाय."

एवढंच. पुन्हा स्क्रू.

कुठल्या बाटलीत ठेवली होती ती हवा,
विचारायचं राहून गेलं.

नळी अजून खिळ्याला आहे, पिवळी पडलेली.
गिऱ्हाईक नसलं की काढतो,
तोंडाला लावायच्या आधी
छाती एकदा भरून बघतो,
आहे का.