पासून – पर्यंत

फहाहीलच्या कॉलेजात, बास्केटबॉल कोर्टाच्या दाराशी
एक सागवानी फळी आहे, सात फूट बाय तीन.
मुख्य प्रशिक्षकांची नावं तिच्यावर.
अक्षरं माझी.
अक्षराला पन्नास फिल्स, सोनेरी रंग कॉलेजचा,
ब्रश मात्र मी देवरुखाहून आणायचो,
सुट्टीला दोन.

पहिलं नाव जमील कनआन.
हैफाचा म्हणायचा स्वतःला, हैफा न बघितलेला.
शिट्टी नव्हतीच गळ्यात. एकच टाळी द्यायचा
आणि धावती पोरं जागच्या जागी थिजायची.
"पासून"खाली मी एकोणऐंशी लिहिलं,
विचारलं, पर्यंत?
म्हणाला, राहू दे कोरं, रंग वाचव.
अकरा वर्षांनी ते मी भरलं
कुणालाही न विचारता.
तो तेव्हा अम्मानमध्ये होता, परतीचा कागद नसलेला.

मग मध्ये एक ओळ रिकामी आहे.
तिच्याविषयी सांगतो नंतर.

मिलोराद आला एक्याण्णवच्या ऑक्टोबरात.
कमिटीला नावापुढे देश हवा होता. युगोस्लाव्हिया.
चांगली दहा अक्षरं इंग्रजीत, माझा फायदा.
दोन वर्षांत तो गेला, देश त्याच्याही आधी गेला.
कमिटी म्हणाली, खरवडून काढ.
मी म्हटलं, खरवडायचे दुप्पट.
राहिला.

मेधत शिनूदा, इजिप्तचा, सतरा दिवस.
रंग वाळायच्या आत राजीनामा.
रोदेल मागबानुआ, अकरा वर्षं,
त्यातली पहिली चार साहाय्यकाच्या पगारावर,
म्हणून फळीवर सातच.
हरलेल्या रात्री तो एकटाच कोर्ट पुसायचा,
पोरांना बोलायचा नाही एक शब्द,
आणि पोरांना तेच जास्त लागायचं.

आता ती ओळ.
युद्ध संपलं होतं, विहिरी जळत होत्या,
भरदुपारी दिवे लावावे लागायचे.
दोरीवरचा सदरा काढला तर काजळीने काळा.
कॉलेजात कोणी नव्हतं, स्टोअरकीपर हसनमियाँ मुकादम सोडून.
दाभोळचा. माझ्याच खोलीतला. घोरायचा.
पाण्याच्या रिकाम्या टाकीत त्याने तीन चेंडू लपवले होते,
सैनिक सगळं घेऊन गेले, ते तेवढे राहिले.
नऊ पोरं आली. शिकवा म्हणाली.
हा माणूस चेंडूत फक्त हवा भरत आला होता जन्मभर.
तर त्याने आधी लंगडी घातली त्यांना, तोल यावा म्हणून.
मग खडूने पाट्या आखल्या
आणि आट्यापाट्या खेळवल्या,
पाटी सोडायची नाही, हात पसरून उभं राहायचं,
समोरचा हुलकावणी देणारच, त्याच्या कमरेकडे बघा,
डोळ्यांकडे नको, डोळे खोटं बोलतात.
सहा सामने. पाच हरले.
सहावा अहमदीच्या आग विझवणाऱ्यांशी,
ती धिप्पाड माणसं, थकलेली, भुवया जळलेली,
त्यांना पाटी ओलांडताच येईना.

कमिटी म्हणाली, नेमणुकीचं पत्र कुठाय?
पत्र नव्हतं.
एक ओळ सोड, म्हणाली, आणि पुढचं लिही.
हसनमियाँने चहा ओतला बशीत.
म्हणाला, बरं झालं, हिज्जे चुकवले असतेस तू.

ओळ मी सोडली.
फक्त मधोमध एक रेघ ओढली, आडवी, बोटभर,
"पासून" आणि "पर्यंत"च्या मधली असते तशी,
अलीकडे पलीकडे काहीच नसलेली.
लोकांना ती नक्षी वाटते.
तिचे पैसे मी लावले नाहीत.

आता नवा प्रशिक्षक इथलाच, फवाझ,
त्या नऊ पोरांतला सर्वांत बुटका.
त्याचं नाव यंत्राने कापून चिकटवलंय, स्टिकर.
माझं खातं बंद, विमान गुरुवारी.
काल फळी पुसायला गेलो शेवटची
तर तो आत पोरांना ओरडत होता अरबीत,
मध्येच एक शब्द आला,
पाटी.
पाटी सोडू नका.
मी फडकं पिळलं.
रेघेवरची धूळ आधी काढली.