ठळक

सोहारला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
आमचं टायपिंगचं दुकान. पाटीवर लिहिलंय: सनद.
पहिल्या दिवशी वाटलं, हा तर आपल्याकडचाच,
मोडी दप्तरातून उठून इथे एसीत येऊन बसलाय.

बोल्डचं तसं नाही. तो कुणाचाच नीट नाही.
गुहागरला आत्याने आणलेलं स्थळ परत गेलं तेव्हा
ती म्हणाली, "मुलगी जरा बोल्ड आहे म्हणाले."
त्या 'जरा'वर तिने दिलेला दाब
अजून माझ्या मानेत आहे.
मग माझा व्हिसा आला, आणि तीच आत्या
"बोल्ड आहे हो आमची!" म्हणत
चार घरी पेढे वाटून आली.

शुक्रवारी दुकानामागे, खडीवर,
रंगाचा रिकामा डबा स्टंप म्हणून ठेवून
पोरं ओरडतात, बोल्ड!
म्हणजे, चल, आता बाजूला हो.

अरबी मेनूत त्याला म्हणतात गामिक. गडद.
चहा गडद होतो, तसं.
त्यात धाडसबिडस काही नाही.
मालक बिजुमोन म्हणतो, कमी वापर,
टोनर महाग झालाय.

काल दुपारी हरेश्वर तांडेल आला. थळचा. वेल्डर.
सात महिन्यांचा पगार थकलेला, लेबर ऑफिसला अर्ज.
पहिलं वाक्य त्याने तीनदा बदलायला लावलं.
मागतो नको, विनंती करतो.
विनंती नको, नम्र विनंती.
आठशे चाळीस रियालपाशी
माझी दोन बोटं न विचारताच गेली
कंट्रोल आणि बी वर.
आकडा छाती काढून उभा राहिला.

"ताई, तेवढं ठळक नको. उद्धट दिसतं."
"पैसे तुमचेच आहेत ना?"
"पैसे माझे. गेटपास त्यांचा."

पुन्हा तीच दोन बटणं.
आकडा खाली मान घालून ओळीत बसला.

सहीला तो खुर्चीवर टेकला नाही.
भाजल्याचे डाग असलेल्या मुठीत पेन धरून
त्याने पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, वडिलांसकट.
शेवटची रेघ ओढताना कागद थोडा फाटला.
"चालेल ना?" म्हणाला.
चालेल म्हटलं.

रात्री टेबल आवरताना खालच्या पॅडवर हात फिरला.
शाई नव्हती कुठेच.
हरेश्वर लक्ष्मण तांडेल,
बोटाला लागत होता,
दुसऱ्या पानावर, तिसऱ्यावरसुद्धा.

पॅड सकाळी बिजुमोनला लागणार होता.
तिन्ही पानं फाडून मी पर्समध्ये सरकवली
आणि चोरी केल्यासारखी,
मी, आमच्या घरातली बोल्ड मुलगी,
मागे न बघता
रस्त्यापर्यंत भराभरा चालत गेले.