डाग

ताळगावच्या पठारावर, प्रयोगशाळेत
सुलक्षा रायकर बाटली उजेडात धरते.
आत चांदी; रंग मात्र काविळीचा.
बाबा फोंड्याहून आले तेव्हा म्हणाले होते,
'हांतूंत रुपें खंय गो?'

त्यांच्या मुशीला नऊशेसाठ अंश लागतात.
इथं खाली प्लास्टिक,
दीडशेलाच आखडतं.

कण आधीच बिलगू नयेत म्हणून
एकेकाला झगा घातलाय.
आता तोच उतरवायचा,
एकशेतीसवर, अर्धा तास,
पावाच्या भट्टीहूनही मंद.

तीनदा नुसती काजळी.
चौथ्यांदा मीटर बारीक किरकिरला.
तिनं फिल्म वाकवली. किरकिर चालूच.

फोन मीटरजवळ नेला.
बाबा बराच वेळ गप्प.
मग,
'म्हणजे डाग बसला.
फुंकणी कोणी मारली?'